गाढवांसोबतचं क्षमेचं रिट्रीट : जावं की नाही?

पाचपैकी साडेतीन स्टार. "प्राण्यांकडून क्षमा शिका" ही जाहिरात वाचून मी खरं तर नाकच मुरडलं होतं, पण लिंक दादाने स्वतःहून पाठवली आणि खाली नुसतं "येतेस का?" एवढंच लिहिलं, आमच्यात इतकंसुद्धा बोलणं बऱ्याच काळात झालेलं नव्हतं, म्हणून हो म्हणाले.

कन्सेप्ट असा की ज्यांचं एकमेकांशी बिनसलंय अशा दोघांनी मिळून यायचं, भावंडं, नवरा-बायको, एकाच चर्चमधले दोन सभासद, कुणीही. दिवसभर गाढवांची कामं आणि संध्याकाळी बायबल वाचन, प्रार्थना. आमचं भांडण कुत्र्यावरून होतं. बाबा गेल्यावर त्यांचा म्हातारा कुत्रा दादाने मला न विचारता परस्पर कुणाला तरी देऊन टाकला. लोकांना हसू येतं हे सांगितलं की, येऊ दे.

आता गाढवांचं. हा भाग इतका भारी आहे की नुसता एवढाच ठेवला असता तरी चाललं असतं. गाढवांची जोडी जमते आणि ती तोडली तर ती खरंच आजारी पडू शकतात, खाणं सोडतात, म्हणून इथे एकट्या गाढवाला कुठे नेतच नाहीत. मग होतं काय, एकाची दोरी माझ्या हातात, दुसऱ्याची दादाच्या, आणि माझं पुढे गेलं की दादाचं असं काही ओरडतं की विचारू नका, म्हणजे आम्हाला दोघांना एकाच चालीने चालणं भाग. कुणी "आता बोला" म्हणत नाही. नालीवर टाकलेल्या फळीपाशी माझं थांबलं ते थांबलंच. मी ओढायला लागले तर तिथल्या बाई म्हणाल्या, ओढू नका, घोडा घाबरला की पळतो आणि गाढव घाबरलं की जागीच थिजतं, लोक त्याला हट्टी म्हणतात पण ते बघून घेत असतं. दोरी सैल सोडून उभे राहिलो. बराच वेळ. त्या वेळात दादा पहिल्यांदा कुत्र्याचा विषय काढून बोलला, माझ्याकडे न बघता, गाढवाच्या मानेला खरारा करत करत. (बायबलच्या गणना 22 मधली बलाम नावाच्या संदेष्ट्याची गाढवी पण अशीच थांबते, तिला देवदूत दिसतो आणि बलाम तिला तीनदा मारतो. हा पाठ इथे का घेत नाहीत देव जाणे, आयता हाताशी आहे.)

संध्याकाळची सेशन्स कमीजास्त. पहिलं उत्तम, 2 शमुवेल 12, दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवलेलं असतं, तेव्हा नाथान संदेष्टा त्याला गरीब माणसाच्या मेंढीची गोष्ट सांगतो ते, ती मेंढी त्याच्याच ताटातलं खायची, कुशीत निजायची, त्याला लेकीसारखी होती, आणि श्रीमंताने पाहुण्यासाठी तीच कापली. दावीद भडकतो आणि नाथान म्हणतो तो माणूस तूच. सेशन घेणाऱ्यांनी इथे घाई केली नाही, दावीदाला क्षमा मिळते पण परिणाम काही टळत नाहीत हे पण सरळ सांगितलं. दादा गप्प होता.

दीड स्टार गेला तो दुसऱ्या सेशनमध्ये. तिथलं एक कुत्रं आणून बसवलं आणि "बघा, हा किती पटकन माफ करतो, तुम्हीही असेच व्हा". अहो, कुत्रा माफ करत नाही, त्याने मुळात हिशोबच मांडलेला नसतो! कुत्र्यांच्या वागण्यावर संशोधन करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा 2009 चा अभ्यास आहे, कुत्र्याचा तो अपराधी चेहरा त्याने चूक केली म्हणून होत नाही, मालक रागावतो म्हणून होतो, काहीच न केलेला कुत्रा पण ओरडा खाल्ला की तसाच चेहरा करतो. तो आपल्याला ओळखून वागतो आणि आपला जीव त्याच्यावर जडतो हे खरंच आहे, पण ख्रिस्ती क्षमेत आधी चूक काय झाली ते तोंडावर म्हणावं लागतं. लूक 17:3 मध्ये तर आधी भावाला दोष दाखव आणि मग त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर, असाच क्रम आहे. तो पाठ वगळून शेपूट हलवणं शिकवायचं म्हणजे जरा अतीच.

त्यापेक्षा इटलीतल्या गुब्बियो गावाला छळणाऱ्या लांडग्याची आख्यायिका घ्यायची ना, त्यातल्या संत असिसीच्या फ्रान्सिसचं चित्र तर हॉलमध्ये टांगलेलंच आहे. तिथे फ्रान्सिस लांडग्याला त्याने केलेल्या हत्या आधी ऐकवतो, मग तू हे भुकेपोटी केलंस हे पण मान्य करतो, आणि शेवटी सौदा दोन्हीकडून ठरतो, गावाने रोज खायला घालायचं, लांडग्याने कुणाला इजा करायची नाही, आणि लांडगा त्यावर पंजा देतो. यालाच मी समेट म्हणेन. क्षमा एकट्याला मनातल्या मनात करता येते, याला मात्र दोघं लागतात आणि पुढे रोज पाळायचं काहीतरी लागतं.

शेवटच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांनी आपापल्या माणसाला मिठी मारायची असा कार्यक्रम होता, मी मारली नाही. दादाने कुत्रा कुठे दिलाय तो पत्ता मला पाठवलाय, सध्या मला तेवढं पुरे आहे. शेजारची एक बाई मात्र रडत मिठीत गेली आणि तिला ते नको होतं हे लांबूनही दिसत होतं.

राहायची सोय साधी, स्वच्छ. जुने बूट न्या, गाढवाचा खूर साफ करताना तो आपल्याला स्वतः धरावा लागतो आणि त्यातला चिखल बरोब्बर पायावर पडतो. लहानसहान कारणाने बोलणं तुटलेलं असेल तर बिनधास्त जा. पण घरात मारहाण किंवा छळ सोसलेला असेल तर त्या माणसाला सोबत घेऊन इथे अजिबात जाऊ नका. सेंटरच्या फॉर्मवर तुमच्या ॲलर्जीपासून बुटाच्या साइझपर्यंत सगळं विचारतात, हे एवढं विचारत नाहीत, फीडबॅकमध्ये लिहून आलेय.