हस्ताक्षरतज्ज्ञ नेमला, त्याला आता आठ महिने झाले

आप्पा 2021 मध्ये गेले. त्यानंतर दोन वर्षांनी करवीर तालुक्यातल्या आमच्या शेतावर एकाने दावा लावला. त्याच्याकडे 2017 ची विसारपावती, म्हणजे जमीन विकायचं ठरवून आगाऊ पैसे घेतल्याची पावती होती, खाली आप्पांची सही. आई सही बघताक्षणी म्हणाली, "ही ह्यांची न्हाई." घरच्यांची ओळखही पुराव्यात धरतात, पण आई मुलांच्याच बाजूने बोलणार असं समोरचा म्हणणारच. म्हणून तज्ज्ञ शोधला.

पहिल्यांदा चुकलो. एका तज्ज्ञाने व्हॉट्सअॅपवर फोटो मागवले आणि दोन दिवसांत 'शंभर टक्के बनावट' असा अहवाल दिला. 12 हजार गेले. वकीलसाहेबांनी अहवाल चाळला आणि बाजूला ठेवला. मूळ कागद न बघता दिलेलं मत उलटतपासात पाच मिनिटंही टिकलं नसतं. फोटोत किंवा झेरॉक्सवर पेनचा दाब दिसत नाही, पेन कुठं उचललं तेही नीट कळत नाही.

दुसऱ्या मॅडम पुण्याच्या. त्यांनी फी सांगायच्या आधी विचारलं, "2016 ते 2018 मधल्या सह्या किती मिळतील?" आप्पांना 2019 मध्ये अर्धांगाचा झटका आला होता, त्यानंतरची सही थरथरती. ती यात चालणार नव्हती. पासबुकावरची एकच सुबक सही देऊनही भागणार नव्हतं. माणूस दोनदा तंतोतंत सारखी सही करत नाही, त्यामुळे त्याची सही कुठवर बदलते हे कळायला घाईत केलेल्या, रोजच्या सह्याही लागतात.

खरा जीव गेला तो इथं. आमचं घर कोल्हापुरात, शाहूपुरी कुंभार गल्लीत. ऑगस्ट 2019 च्या पुरात कपाट बुडालं होतं. शाईपेनने लिहिलेलं सगळं पसरून निळा डाग झालेला, बॉलपेनच्या सह्या मात्र बऱ्याच शाबूत. दादाने ट्रंकेतून आप्पांच्या सहीचे जुने कागद काढले. विकास सोसायटीतले पीककर्जाचे मूळ अर्ज कोर्टामार्फत मागवले. अशा 17 सह्या जमल्या.

विसारपावती कोर्टाच्या ताब्यात. परवानगीचा अर्ज मंजूर झाल्यावर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, कर्मचाऱ्यासमोर मॅडमनी ती तपासली. भिंग, आडवा प्रकाश, मोजपट्टी लावून फोटो. नंतर त्यांनी मोठे केलेले फोटो आम्हाला शेजारी शेजारी ठेवून दाखवले. आमचे आजोबा मोडी लिहायचे. मोडीत आधी रेघ ओढतात आणि अक्षरं तिला टांगतात. आप्पांच्या हाताला तीच सवय. आधी शिरोरेषा, मग पेन न उचलता डावीकडे परत येताना एक केसाएवढा बारीक, हुकासारखा आकडा आणि त्यातूनच पहिलं अक्षर. सतराही सह्यांत तो आकडा होता, कुठं ठळक, कुठं पुसट. पावतीवर नव्हता. तिथं रेघ वेगळी ओढलेली, दोन्ही टोकं बोथट, आणि वेलांटीच्या मध्ये पेन थांबल्याचा शाईचा ठिपका. मी चाळीस वर्षं ती सही बघतोय, पण तो आकडा मला कधी दिसला नव्हता. आई फोटोवर बोट ठेवून बराच वेळ बसली.

या मॅडमवर माझा विश्वास बसला तो त्यांनी जे सांगायचं नाकारलं त्यामुळे. सही कुणी उठवली ते त्यांनी सांगितलं नाही, कारण नक्कल करणाऱ्याचं स्वतःचं वळण त्यात फारसं उतरत नाही. शाई 2017 ची की नंतरची, यावरही मत दिलं नाही. स्टॅम्पपेपरच्या मागची विक्रेत्याची नोंद तपासा, एवढं मात्र त्यांनीच सुचवलं.

आमच्यावरचा दावा 1 जुलै 2024 च्या आधीचा, म्हणून जुन्या पुरावा कायद्याचं तज्ज्ञाच्या मताबद्दलचं कलम 45 लागू. त्या तारखेपासून लागू झालेल्या नव्या भारतीय साक्ष अधिनियमात तीच तरतूद कलम 39 मध्ये आहे. तज्ज्ञाचं मत कोर्टावर बंधनकारक नसतं आणि न्यायाधीश स्वतःही सह्या ताडून बघू शकतात, हे वकीलसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तक्रार एकच. साक्षीला यायची फी आणि प्रवासखर्च वेगळा, आणि तारीख पुढं गेली तरी द्यावा लागतो. आमच्या दोन तारखा अशा गेल्या. तुम्ही कुणाला नेमणार असाल तर हे आधीच लिहून घ्या. तिसऱ्या तारखेला उलटतपास झाला, जवळपास दोन तास. मॅडमनी प्रत्येक उत्तर फोटोवर बोट ठेवून दिलं. आता सोसायटीच्या सचिवांची साक्ष बाकी आहे.