जुन्या मशीनला नवे ड्राइव्ह: कॅनओपन की ईथरकॅट?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जुन्या मशीनचे सर्वो ड्राइव्ह (मोटर नेमकी चालवणारे युनिट) बदलायचे निघाले की मालक टॉर्क विचारतात, किंमत विचारतात. मी आणखी एक विचारायला सांगतो: ‘इनव्हॅलिड डिव्हाइस आयडी’ (जोडलेल्या ड्राइव्हची ओळख जुळत नाही) हा एरर आला, तर रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनला तो एकट्याने काढता येईल का? पुण्याहून इंजिनिअर येईपर्यंत मशीन उभी राहते.

कॅनओपन आणि ईथरकॅट म्हणजे मशीनचा मुख्य कंट्रोलर (मास्टर) आणि ड्राइव्ह यांनी केबलवरून बोलायच्या दोन पद्धती. कॅनओपनमध्ये ड्राइव्हचा नोड नंबर, म्हणजे केबलवरचा पत्ता, माणूसच लावतो, १ ते १२७ मधला, डिपस्विचवर (ड्राइव्हवरच्या छोट्या स्विचांवर) नाहीतर पॅरामीटरमध्ये. चुकाही माणसाच्याच: जुन्या ड्राइव्हवरचा नंबर नव्यावर लावायचा राहतो, किंवा दोघांना एकच पडतो. बऱ्याच ड्राइव्हमध्ये नंबर बदलला तरी सप्लाय बंद-चालू केल्याशिवाय लागू होत नाही; ते ठाऊक नसलं की अर्धी पाळी जाते. ड्राइव्ह सापडतच नसेल तर सगळा सप्लाय बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो या केबलमधल्या दोन वायरांमध्ये मल्टिमीटर लावा. ६० ओहमच्या आसपास हवेत. केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर असतो; १२० दिसले तर एका टोकाचा रेझिस्टर नाही किंवा वायर तुटली आहे. एवढं मच्छेतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जमतं. मात्र कॅनओपनचा मास्टर मॉडेलची ओळखही तपासत असेल, तर ईथरकॅटमधली, खाली सांगितलेली अडचण इथेही येते.

ईथरकॅटमध्ये सहसा ड्राइव्ह केबलवर कितवा, यावरून पत्ता ठरतो. ओळख त्याच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) असते: उत्पादकाचा क्रमांक, प्रॉडक्ट कोड, रिव्हिजन (मॉडेलची आवृत्ती). मास्टर सुरू होताना ती प्रोजेक्टमधल्या (मास्टरमध्ये भरलेल्या मशीनच्या प्रोग्राममधल्या) नोंदीशी ताडतो. म्हणून तेच मॉडेल आणलं, पण रिव्हिजन नवी निघाली, तरी मशीन अडू शकते. मग लॅपटॉप, उत्पादकाची ईएसआय फाइल (ड्राइव्हचं वर्णन असलेली फाइल) आणि मूळ प्रोजेक्ट, तिन्ही लागतात. नवी रिव्हिजन जुन्याच्या जागी चालते असं उत्पादकाने लेखी दिलं, तर रिव्हिजनची तपासणी सैल करायला माझी हरकत नाही. प्रॉडक्ट कोडची तपासणी मात्र बंद करू नका. दुसऱ्याच रेटिंगचा ड्राइव्ह जुन्या पॅरामीटरवर धावला, तर शेजारी ऑपरेटर उभा असतो.

खरी भीती मला एरर न येण्याची वाटते. दोन ड्राइव्ह एकाच मॉडेलचे असतील आणि जागा बदलताना त्यांची अदलाबदल झाली, तर ओळख जुळते, मास्टर गप्प राहतो आणि एक्स अक्षाची आज्ञा झेड अक्षाला जाते. ड्राइव्हवर आयडीचा रोटरी स्विच असेल आणि मास्टरला तो तपासता येत असेल, तर ते चालू करून घ्या. मशीन बंद राहिली तरी चालेल, पण चुकीचा अक्ष हलता कामा नये.

दोन-तीन सुटे अक्ष असतील, फीडर किंवा इंडेक्सिंग टेबल, तर मी कॅनओपन घेईन. अनेक अक्ष एकत्र, एकाच वक्र मार्गावर चालवायचे असतील तर ईथरकॅटच. ईथरकॅटच्या सेकंदाला १०० मेगाबिटपुढे कॅनओपनच्या कॅन केबलचं १ मेगाबिट कमी पडतं. तेव्हा शेवटचं बिल देण्याआधी मूळ प्रोजेक्ट, पासवर्ड आणि ईएसआय फाइल पेनड्राइव्हवर घ्या, आणि ती पॅनेलमध्येच ठेवा.