सुटी मोटर तपासायची की तयार यंत्र?
छोट्या डीसी मोटरची ईएमसी चाचणी (तिच्या विद्युत-चुंबकीय गोंगाटाचा इतर उपकरणांना त्रास होतो का, ही तपासणी) सुटीच करावी, की ती बसवलेल्या यंत्रासकट? माझा कौल यंत्राला. ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारा घासता संपर्क, कम्युटेटरच्या (त्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याच्या) एका पट्टीवरून दुसरीवर सरकताना बारीक ठिणगी पडते. तिचा विद्युत गोंगाट वायरींतून बाहेर येतो, आणि वायर किती लांब, आवरण धातूचं की प्लास्टिकचं, यावर त्याचा जोर ठरतो. म्हणूनच टेबलावर पास झालेली मोटर यंत्रात नापास होऊ शकते. युरोपच्या 2014/30/ईयू या ईएमसी निर्देशातही फक्त दुसऱ्या उत्पादकासाठी बनवलेला सुटा भाग सहसा कक्षेबाहेर असतो. ग्राहक स्वतः बसवणार असेल तर मात्र नियम लागू.

तरी सुटी चाचणी वाया जात नाही. टर्मिनल आणि बॉडीमध्ये गोंगाट दाबणारा कपॅसिटर लावून फरक बघायला तीच सोयीची. ड्राइव्हशिवायच्या (वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाशिवायच्या) पिंजरा-रोटर इंडक्शन मोटरला ब्रशच नसतात, तिथे कागदोपत्री मूल्यमापन बहुधा पुरतं.