कोंबड्यांच्या जंताच्या औषधापायी १४,३४८ रुपये घालवले, तुम्ही घालवू नका

लिहायला लाज वाटतेय पण लिहिते, कारण त्या बोगस डॉक्टरचा नंबर अजून चालू आहे आणि आता डीपीला शेळी लावलीय.

आम्ही धायरीत राहतो, घरामागे खुराडं आहे, १९ मोठ्या गावरान कोंबड्या आणि तेव्हा ११ पिल्लं होती. दिवाळीनंतर अंडी कमी झाली, तुरे फिके पडले आणि विष्ठेत तांदळाच्या कणीसारखं पांढरं काहीतरी दिसायला लागलं, त्यात पिल्लांना लाल हगवण. जंत झालेत हे मला कळत होतं हो, अगदीच अडाणी नाहीये मी. दुकानातून आणून पायपेराझिन पाण्यातून दिलं होतं, फरक पडला नाही, म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं तर कुणीतरी या 'डॉक्टर'चा नंबर टाकला. ग्रुपमधलाच माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण संशय घेईल?

ऑनलाइन तपासणी २९९. फोटो पाठवा म्हणाला. पाठवले.

आता ऐका. त्या दिवशी संकष्टी होती, मी बहिणीला पाठवायला साबुदाण्याच्या खिचडीचा फोटो काढला होता आणि गडबडीत विष्ठेच्या दोन फोटोंसोबत तोही त्याला गेला. त्याने नेमका त्या खिचडीवरच रिप्लाय केला, "मॅडम इन्फेक्शन खूप वाढलंय, आजच कोर्स सुरू करा." मी वाचलं. मला दिसलं की हे खिचडीखाली लिहिलंय, शेंगदाण्याचं कूट दिसतंय त्यात, कडेला लिंबाची फोड आहे! आणि तरी मी मनात म्हटलं, चुकून त्या फोटोवर बोट पडलं असेल, बोलतोय तो वरच्या फोटोंबद्दलच. एवढी समजूत मी स्वतःची घातली. तिथेच ब्लॉक केला असता तर फक्त २९९ गेले असते.

मग किट २,८५० आणि 'कोल्ड चेन डिपॉझिट' १,२००. पुडी आली ती साध्या कुरिअरने उन्हातून, कसली कोल्ड चेन! पुडीवर बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही, लायसन्स नंबर नाही, नुसतं कोंबडीचं चित्र. म्हणे जंत, रक्ती हगवण, मानमोडी सगळ्यावर चालतं. सगळ्यावर चालणारं औषध नसतं हो, मानमोडीला लस असते, ती आधी द्यायची असते. पण पैसे गेलेच होते तर देऊन बघू म्हणून पाच दिवस दिलं आणि ७ पिल्लं मेली.

मी भांडले तर एकदम मऊ. नुकसानभरपाईसकट ९,९९९ देतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका. पैसे यायला पिन लागत नाही हे मी स्वतः सासूबाईंना शिकवलंय!! पण पिल्लं गेल्याचा राग डोक्यात होता आणि त्यात तो 'आई, आई' करत होता. २९९ ला मॅडम होते, २,८५० ला ताई, ९,९९९ ला आई.

बँकेत म्हणाले पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार. चौकीत साहेबांनी शेजारच्याला हाक मारून सांगितलं "अरे कोंबडीचे जंत बघ", दोघं हसले आणि सायबरला जा म्हणाले. सायबरला बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट पाहिजे, बँकेत शिक्का मारणारे मॅडम रजेवर. पुडी तपासायला द्यावी म्हटलं तर पशुवाले म्हणतात औषधवाल्यांकडे जा, औषधवाले म्हणतात बिल आणा. बिल असतं तर रडत कशाला बसले असते? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी चौथ्या दिवशी फोन केला, तोवर पैसे पुढे गेलेले. तुमचं असं झालं तर त्याच तासाला करा, नवऱ्याला सांगू की नको यात दिवस घालवू नका.

शेवटी खऱ्या डॉक्टरांकडे विष्ठा डबीत घालून नेली. मायक्रोस्कोपखाली पाहून सांगितलं, मोठ्यांना चपटे जंत, त्यावर पायपेराझिन चालतच नाही, ते गोल जंतांसाठी. आणि पिल्लांची लाल हगवण म्हणजे जंतच नाहीत, कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातला डोळ्यांना न दिसणारा परजीवी, त्याला अ‍ॅम्प्रोलियम हे औषध. दोन वेगळे आजार, दोन वेगळी औषधं, सगळं मिळून ४१० रुपये. चपटे जंत मुंग्या आणि किडे खाऊन होतात म्हणे, आणि कॉक्सिडिया ओल्या भुशात वाढतो, म्हणून आता भुसा रोज हलवते आणि पिल्लं वेगळी ठेवते. आणि कुणीही डॉक्टर म्हणवत असेल तर व्हेटर्नरी कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, टाळाटाळ केली की फोन ठेवा. फोटो बघून जंत ओळखतो म्हणाला तरी ठेवा.

मंगळवारी परत सायबरला गेले. पूर्ण चॅटची रंगीत प्रिंट पाहिजे म्हणाले, प्रत्येक पानावर सही. ४१ पानं झाली, १० रुपयाला एक, म्हणजे अजून ४१० गेले. तिथल्या हवालदाराने एकेक पान उलटून पाहिलं, सहाव्या पानावर थांबला आणि म्हणाला, "मावशी, या खिचडीवर सही राहिली."