घसरलेल्या जीपीएसाठी पोस्ट-बॅक घ्यावा की एसएमपी? एक परीक्षण

अमेरिकेत प्री-मेडची, म्हणजे मेडिकलला जाण्याआधीच्या पदवीची, पहिली दोन वर्षं वाईट गेली की घरातली मंडळी सगळ्यात आधी एसएमपी शोधायला लागतात, म्हणजे स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम. वर्षभराचा अभ्यासक्रम, मोठ्या विद्यापीठाचं नाव, हातात एक मास्टर्स. न्यू जर्सी असो की बे एरिया, मराठी घरांतही हाच सल्ला तोंडोतोंडी फिरतो. आमचं मत असं की एसएमपी चांगला आहे, पण बहुतेकांना आधी पोस्ट-बॅक हवा, म्हणजे पदवीनंतर घेतलेले पदवी पातळीचे विषय, आणि एसएमपी नंतर, आणि बऱ्याच जणांना तो लागतही नाही. याचं कारण अर्जातल्या हिशेबात आहे.

एमडीसाठी (अमेरिकेत ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) बहुतेक अर्ज ॲमकॅस या सामाईक अर्ज-सेवेतून जातात. अर्ज तपासून झाला की त्यात जीपीएचा, म्हणजे 4.0 पैकी सरासरी गुणांचा, तक्ता तयार होतो. फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर, सीनियर (पदवीचं पहिलं ते चौथं वर्ष), पोस्ट-बॅक अशा वेगवेगळ्या ओळी, मग सगळ्या अंडरग्रॅड क्रेडिटांची एकत्र ओळ, आणि ग्रॅज्युएट अभ्यासाची वेगळी ओळ. प्रत्येक ओळीत बीसीपीएम, म्हणजे बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स यांचा जीपीए निराळा दिसतो. मेख इथेच आहे: एसएमपीचे गुण ग्रॅज्युएट ओळीत जातात. तिथे 4.0 मिळाला तरी अंडरग्रॅडचा आकडा एका शतांशानेही हलत नाही. पोस्ट-बॅकमध्ये घेतलेले अंडरग्रॅड पातळीचे विषय मात्र एकत्रित जीपीएमध्ये धरले जातात.

आकडे मांडून बघा. पहिली 60 क्रेडिट 2.4 ने झाली, पुढची 60 क्रेडिट 3.8 ने. पदवीला एकत्रित 3.10. त्यावर पोस्ट-बॅकची 30 क्रेडिट सरळ 4.0 ने काढली तर 3.28, आणखी 30 काढली तर 3.40. म्हणजे दोन वर्षं एकही चूक न करता 0.3 ची चढण. मन खट्टू होतं खरं, पण विज्ञानाची ओळ यापेक्षा लवकर सुधारते, कारण तिथे मुळात क्रेडिट कमी असतात. सुरुवातीची 24 क्रेडिट 2.0 ने आणि नंतरची 24 क्रेडिट 3.7 ने असतील तर बीसीपीएम 2.85 होतो. त्यात 4.0 ची 32 क्रेडिट घातली की 3.31. 2023-24 मध्ये एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए 3.77 होता. तो आकडा गाठायच्या मागे लागू नका. प्रवेश समितीला ओळी वरून खाली वाचताना शेवटच्या दोन-तीन ओळी ठणठणीत दिसल्या पाहिजेत, लक्ष तिकडे द्या.

आता पोस्ट-बॅक घ्यायचा तर कुठला? यात दोन जाती आहेत आणि फसगत इथेच सगळ्यात जास्त होते. ब्रिन मॉर, गाउचर यांसारखे नावाजलेले प्रोग्रॅम करिअर बदलणाऱ्यांसाठी आहेत, म्हणजे ज्यांनी प्री-मेडचे विषय घेतलेलेच नाहीत त्यांच्यासाठी. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत सी मिळालेल्या मुलाने तिथे अर्ज भरण्यात हशील नाही. त्याला हवा तो अकॅडमिक एन्हान्सर, म्हणजे घसरलेले गुण सावरण्यासाठीचा प्रकार, किंवा स्वतःच विषय निवडून जवळच्या स्टेट युनिव्हर्सिटीत नॉन-डिग्री विद्यार्थी म्हणून नाव घालणं. हार्वर्ड एक्स्टेन्शन आणि यूसी बर्कली एक्स्टेन्शन यांचीही सोय आहे. पण नुसत्या नावासाठी तिकडे जाऊ नका. घराजवळच्या चार वर्षांच्या कॉलेजात तोच विषय, तीच लॅब आणि शिफारसपत्र देणारा प्राध्यापक समोरासमोर भेटत असेल, तर आमचा कौल त्यालाच. कम्युनिटी कॉलेज सगळ्यात स्वस्त, यात वाद नाही. मात्र मूळ कॉलेजात अवघड विज्ञानात घसरलेल्याने सगळी दुरुस्ती तिथेच केली, तर समितीच्या मनात शंका राहते.

विषयांची निवड अशी करा: सी-मायनस, डी किंवा एफ मिळालेला आवश्यक विषय पुन्हा घ्या. सी किंवा सी-प्लस असेल तर सहसा तो सोडून वरचा विषय घ्या, बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायॉलॉजी, जेनेटिक्स यांतला. बायोकेमिस्ट्रीतला ए जुन्या ऑर्गॅनिकच्या सीला जितकं चांगलं उत्तर देतो, तितकं तोच ऑर्गॅनिक परत घेऊन मिळालेला ए देत नाही. पुन्हा घेतल्याने जुना गुण पुसला जात नाही. कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर नवा गुण जुन्याच्या जागी बसत असला तरी ॲमकॅस दोन्ही धरतं. डीओसाठीच्या (ऑस्टिओपॅथिक डॉक्टरच्या पदवीसाठीच्या) ॲकोमास या अर्ज-सेवेत पूर्वी जुना गुण बदलून मिळायचा, ती सवलत 2017 मध्ये गेली. जुन्या सल्ल्यांत ती अजून सापडते, तिच्यावर विसंबू नका.

पोस्ट-बॅक फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे घाई. पहिल्याच सेमिस्टरला लॅबचे तीन विषय, वर नोकरी, वर एमकॅटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, क्लास. पहिल्या सत्रात 8 ते 9 क्रेडिट पुरेत. सगळीकडे ए आला की 12, मग 15. सुरुवातीला मार्क का गेले, हेही शोधायला हवं. झोप, आजारपण, आर्थिक ओढाताण की पाठांतरावर चालवलेला अभ्यास? कारण तेच राहिलं तर पोस्ट-बॅकच्या ओळीतही बी-मायनसच येतात, आणि मग सावरायला जागा फार कमी उरते.

एसएमपी कुणासाठी? एकत्रित जीपीए साधारण 3.0 च्या वर आला आहे, विज्ञानाची चढण दिसते आहे, एमकॅट चांगला आहे, तरी अर्ज अडतो, अशांसाठी. जॉर्जटाउनचा एसएमपी यातला जुना, 1975 पासूनचा. तिथे मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षाचे विषय शिकवतात आणि तुलना थेट मेडिकलच्या मुलांशी होते. बॉस्टन युनिव्हर्सिटीचा मेडिकल सायन्सेसचा मास्टर्सही याच वळणाचा. इथे चमकलात तर पुराव्याला तोड नाही. पण बी आणि सी मिळाले तर त्यानंतर दाखवण्यासारखं काही उरत नाही, म्हणून ही पायरी शेवटची ठेवायची. प्रवेशाआधी प्रोग्रॅमला दोन प्रश्न विचारा: वर्ग मेडिकलच्या विद्यार्थ्यांबरोबर असतात की वेगळे? आणि ठरावीक गुण मिळवले तर त्याच संस्थेत मुलाखतीची लेखी हमी आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे घालू नका.

पैशांचं गणितही आता बदललं आहे. 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं संघराज्याचं जादा कर्ज, बंद, आणि मास्टर्सला संघराज्याच्या कर्जाची वार्षिक मर्यादा 20,500 डॉलर. महागड्या एसएमपीची फी आणि राहण्याचा खर्च यात बसत नाही, बाकीचं खासगी कर्जातून काढावं लागतं. प्रवेशाच्या पूर्वतयारीचे विषय घेताना सलग 12 महिन्यांपर्यंत संघराज्याचं कर्ज मिळू शकतं. ते कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसातून आधी मंजूर करून घ्या.

टेक्ससच्या रहिवाशांसाठी टीएमडीसास हे तिथल्या मेडिकल स्कूलांचं वेगळं अर्ज-पोर्टल आहे आणि आमच्या मते घसरलेल्या विद्यार्थ्याशी ते सगळ्यात माणुसकीने वागतं. तिथे प्लस-मायनस धरत नाहीत, ए-मायनसचे पूर्ण 4.0 मिळतात (बी-प्लसचे मात्र 3.0 च). शिवाय अकॅडमिक फ्रेश स्टार्ट आहे: 10 वर्षं किंवा त्याहून जुनी क्रेडिट हिशेबातून वगळता येतात. अट एवढीच की वगळायची तर सगळीच. चांगले गुण ठेवून वाईट टाकता येत नाहीत, आणि त्या काळात पदवी मिळाली असेल तर तीही जाते.

पीए, म्हणजे फिजिशियन असिस्टंट, व्हायचं असेल तर त्यांची अर्ज-सेवा कॅस्पाही सगळे प्रयत्न मोजते. पण अनेक पीए प्रोग्रॅम रुग्णसेवेचे 1000 किंवा जास्त तास मागतात, तिथे ईएमटी (तातडीची वैद्यकीय सेवा देणारा तंत्रज्ञ) किंवा मेडिकल असिस्टंटच्या कामाला खरं वजन आहे. नर्सिंगच्या अनेक प्रोग्रॅममध्ये ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स अशा आवश्यक विषयांचे गुण वेगळे पाहतात, त्यामुळे चढण लवकर दिसते.

भारतात बीएस्सी करून आलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं: ॲमकॅस परदेशी कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट तपासत नाही आणि ते गुण जीपीएमध्ये धरत नाही. पुण्यातला सेकंड क्लास इथे आडवा येत नाही, तसा फर्स्ट क्लासही उपयोगी पडत नाही. अमेरिकेतली क्रेडिट नव्याने कमवावी लागतात.

एमकॅट पोस्ट-बॅक संपत आल्यावर द्या. वर्षात 3, सलग दोन वर्षांत 4 आणि आयुष्यात 7 प्रयत्न मिळतात. परीक्षेला बसून गुण रद्द केले तरी तो प्रयत्न मोजला जातो.

अर्ज भरताना सगळ्यात जास्त घोळ ट्रान्सक्रिप्टचा होतो. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेला एक विषय, मध्येच सोडलेलं उन्हाळी सत्र, अशा प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट लागते. एक राहिली की तपासणी अडकते. अर्ज मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला सादर होऊ लागतात, तेव्हा रजिस्ट्रारकडे मागणी त्याआधीच घाला. विषय भरताना ट्रान्सक्रिप्ट शेजारी उघडी ठेवून ओळीला ओळ जुळवा, पुन्हा घेतलेल्या विषयाला रिपीट अशी खूण करा, आणि तपासून आलेल्या जीपीएमध्ये एखादा विज्ञानाचा विषय बीसीपीएमच्या बाहेर गेलेला दिसला तर 10 दिवसांच्या आत बदलाची विनंती करा.