लातूर ते मालवण: टूरवाल्याला तीन स्टार, गाईडकाकांना पाच

डिसेंबरात आम्ही घरचे सात जण लातूरहून कोकणच्या टूरला गेलतो. टूरवाल्याचं नाव घेत नाही, टेम्पो ट्रॅव्हलर बरी होती पण एसी सोलापूरच्या पुढं बंद पडला तो शेवटपर्यंत बंदच, अन् रत्नागिरीत एवढ्या उशिरा नेलं की थिबा पॅलेसचं गेट लागलेलं. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचं राज्य इंग्रजांनी १८८५ ला घेतलं, त्याला इथं आणून ठेवलं, हा वाडा १९१० ला बांधून दिला अन् १९१६ ला तो इथंच वारला, हे सगळं मी गाडीत मोबाईलवर वाचून दाखवलं सगळ्यांना. त्यासाठी पैसे कशाला द्यायचे मग?

पण मालवणचे गाईडकाका! पैसे वसूल. सिंधुदुर्ग किल्ल्यावर चारी बाजूंनी खारं पाणी अन् आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. १६६४ ला महाराजांनी काम सुरू केलं तेव्हा हे पाणी बघूनच जागा धरली असणार असं आपलं मला वाटतं. आमचे बाबा दूधबावीपाशी उभे ते हलेचनात, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या लातूरचा माणूस, दुसरं काय करणार. बाबा म्हणले, "काका, तुमची काय मजा आहे बगा, पाण्याची चिंता नाही." तर काका हसले, "पाऊस लय पडता ओ, पन पानी थांबना नाय, सगळा समुद्रात जाता." मे महिन्यात कोकणातल्या कितीतरी वाड्यांना टँकर लागतो म्हणे. आम्ही गपच.

मग त्यांनी पैशाचंही सांगितलं. आंबा, काजू, मासे आहेतच, पण जून-जुलैत मासेमारी बंद, हापूस दोन-तीन महिन्यांचा, म्हणून पूर्वी घरटी एक माणूस मुंबईत गिरणीला असायचा अन् इकडं मनिऑर्डरची वाट बघायचे. आमच्याकडं पुण्याला जातात तसंच की.

रात्री दशावतार दाखवणार म्हणून टूरवाल्याच्या यादीत होतं, ते काही दाखवलं नाही, विचारलं तर "पुढच्या वेळी". सोलकढी मात्र आईनं तीन वाट्या पिली.

जायचं तर पावसाळा सोडून जा, किल्ल्याची बोट बंद असते. अन् ज्वारीची भाकर, शेंगदाण्याची चटणी घरूनच बांधून न्या, तिकडं तांदळाचीच भाकरी मिळते, बाबांचं तिच्यावर काही भागलं नाही.