पास घेतला जानेवारीत, त्याचा खरा हिशोब कळला मे महिन्यात

मागच्या जानेवारीत आम्ही चौघांचे वर्षभराचे पास काढले, शहराजवळच्या एका मोठ्या पार्कचे, जिथं झुले पण आहेत अन् पाण्याच्या घसरगुंड्या पण. पार्कचं नाव लिहीत नाही. मला कोणाशी भांडायचं नाही, पास घ्यायच्या आधी काय विचारून घ्यायचं एवढंच सांगायचं आहे, कारण मी ते विचारलं नव्हतं. वर्ष संपत आलं, चार वेळा आत गेलो अन् एकदा गेटवरून परत आलो, म्हणून आता लिहून राहिली.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, पार्क घरून ९० किलोमीटर. किराण्याचं दुकान आहे, थोडी शेती आहे, पोट्टा सातवीत अन् पोट्टी चौथीत. कापसाचा पैसा हातात आला होता अन् पोट्टे दोन वर्षांपासून मागं लागले होते. दिवसाचं तिकीट ८०० रुपये, पास २,४०० चा. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, तीनदा आल्या का पैसे वसूल, मंग वर्षभर फुकट." मी रोज गल्ल्यावर बसते, मनातल्या मनात हिशोब केला, चौघांचे ९,६०० होतात, तीन चकरा तर नक्कीच होतील, घेऊन टाकले.

पहिली चक्कर त्याच दिवशी, बुधवार होता, संक्रांत होऊन गेली होती. पाणी थंडगार होतं पण माणूसच नव्हता. पोट्टीनं एकच घसरगुंडी अकरा वेळा केली, वर चढली का लगेच बसायला मिळे, लाईफगार्ड पोरं पण निवांत, तिला नावानं हाक मारायला लागली होती. आमचे हे एरवी पाण्यात पाय टाकत नाहीत, ते लेझी रिव्हरमध्ये, म्हणजे हळूहळू वाहणाऱ्या पाण्यात, ट्यूबवर तासभर पडून होते. मी कितीतरी वर्षांनी त्यांना असं बिनकामाचं पडलेलं पाहिलं. त्या दिवसासाठी मी पार्कला पाचपैकी पाच देईन, कपडे बदलायच्या खोल्या स्वच्छ होत्या, लॉकर लगेच मिळालं, कॅन्टीनचा आलूबोंडा महाग होता पण गरम होता.

मार्चमधल्या एका शनिवारी गेलो, तेव्हा गर्दी होती पण चालण्यासारखी, अर्धा अर्धा तास लाईन. त्याचं काही म्हणणं नाही, शनिवारी गर्दी राहणारच.

आता मे महिना सांगते. रविवार होता, पारा ४५ च्या वर. आपल्या विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, म्हणजे मे अन् अर्धा अधिक जून पोट्टे घरीच अन् घरात कूलर पण गरम हवा फेकते, तर सगळ्यांच्या डोक्यात एकच येते की पाण्यात जाऊ. आम्ही साडेनवाला पोचलो तर पार्किंग भरलं होतं, गाडी रस्त्याच्या कडेला एका वावरात लावली, त्याचे ५० रुपये वेगळे. पासवाल्यांची वेगळी खिडकी होती, ती तिकिटाच्या लाईनपेक्षा लांब! तिथंच मला पहिल्यांदा वाटलं की बापा, इतके पास विकले यांनी.

फॅमिली राफ्ट म्हणजे घरच्यांनी मिळून एका रबरी नावेत बसून घसरगुंडीवरून खाली यायचं, तिच्या लाईनीत आम्ही ११ वाजून ४० मिनिटांनी लागलो. माझा पोट्टा गणितात बरा आहे, त्यानं उभ्या उभ्या मोजलं. एका राफ्टमध्ये चार जण, खालची राफ्ट बाहेर निघाल्याशिवाय वरची सोडत नाहीत, म्हणजे साधारण दोन मिनिटाला एक. तासाला ३० राफ्ट, १२० माणसं. "आई, आपल्या पुढं अडीचशेच्या जवळ लोकं आहे, दोन तास लागते." अन् खरंच १ वाजून ३५ मिनिटांनी आमचा नंबर आला. पोट्टी तोपर्यंत रडून रडून गप झाली होती. लाईनीवर सावली फक्त शेवटच्या जिन्यापाशी, बाकी उघड्यावर, खाली काँक्रीट, पायात चप्पल नेऊ देत नाहीत, पायाला चटके बसून राहिले होते, लोक ओले टॉवेल खाली टाकून त्यावर उभे. पाण्याची बाटली घरची आत नेऊ देत नाहीत अन् प्यायचं पाणी घ्यायला गेलं तर लाईनीतली जागा जाते. दोन तास उभं राहून राफ्ट किती वेळाची? मिनिटभराची पण नाही.

हा पोट्ट्याचा हिशोब माझ्या डोक्यातून गेलाच नाही. राफ्ट तासाला १२० माणसंच नेते, पार्कमध्ये ५०० माणसं असो का ५,०००. सकाळी १० ते संध्याकाळी ६, म्हणजे आठ तासात ९६० जण, सगळं सुरळीत चाललं तर. पास १०० विका का १०,००० विका, तो आकडा जागचा हलत नाही. माझ्या दुकानात साखरेची दहा पोती असली तर मी अकराव्याचे पैसे घेत नाही, घेतले तर गाव मला सोडणार नाही. पार्कवाला मात्र घेऊ शकतो, कारण पासवाला कोणत्या दिवशी येईल ते लिहिलेलंच नाही. सगळे वेगवेगळ्या दिवशी आले तर जमते, पण आपल्या सगळ्यांच्या सुट्ट्या एकच, ऊन एकच, पोट्ट्यांचा हट्ट पण एकाच वेळचा.

त्या लाईनीत माझ्या पुढं एक बाई होती, पांढरकवड्याकडची, चौदा जण गाडी करून आले होते. "ताई, आमी राती तीनले निंगालो," ती म्हणाली. त्यांनी दिवसाचं पूर्ण तिकीट काढलं होतं, त्यात तिची सासू, जी पाण्यात उतरणारच नव्हती, तिचं पण. दुपारचे दीड वाजले तरी त्यांचा हा पहिलाच झुला होता. मी तिला सांगितलं की आम्ही पासवाले, तर ती म्हणे, "मंग तुमाले काय, तुमी उद्या बी येसान." हे ऐकून मी गप झाली. तिचं बरोबर होतं. मी दुसऱ्या दिवशी येऊ शकत होती अन् तरी त्याच रविवारी तिच्या मागं उभी होती, तिच्या सासूची सावली मी खाऊन राहिली होती. मी माझा नंबर त्यांच्यातल्या मागं राहिलेल्या दोन पोरींना दिला, पण एका राफ्टनं काय होते. संध्याकाळी पार्किंगमध्ये ती परत दिसली, तीन झुले झाले होते म्हणे सगळे मिळून. चौदा जणांचे ११,२०० रुपये अन् गाडीचं भाडं वेगळं.

वेव्ह पूलबद्दल, म्हणजे मशीननं लाटा काढतात त्या तलावाबद्दल, मुद्दाम लिहिते कारण ही जिवाची गोष्ट आहे. खांद्याला खांदा लागत होता. लाट आली का लहान लेकरू मोठ्यांच्या पायात जाई. लाईफगार्ड पोरं खरंच डोळ्यात तेल घालून उभी होती, एकानं माझ्या समोर शिट्टी वाजवून उडी मारली अन् एका लेकराला वर काढलं, त्याच्या बापाला तर माहीतच नव्हतं. पण इतक्या डोक्यांमधून तळ दिसतच नाही, त्या पोराला कितीही चांगले डोळे असले तरी. लाट सुरू करायच्या आधी अर्धे लोक बाहेर काढायला पाहिजे होते, ते काढले नाहीत. त्या पोरांना दुपारी जेवायला पण सोडलं नाही, उभ्या उभ्या बिस्किट खाऊन राहिली होती.

घरी आल्यावर मी मोबाईलवर वाचत बसली की हे आपल्याच इकडं आहे का सगळीकडे. तर ज्या डिस्नेलँडचे फोटो पाहून आपली पोट्टी वेडी होतात, तिथंही हाच रोग आहे, अन् पहिल्या दिवसापासून. १७ जुलै १९५५ ला अमेरिकेत अनाहाइमला ते सुरू झालं, बोलावलेल्या लोकांसाठीच दिवस होता, पण नकली तिकिटं घेऊन हजारो लोक आत घुसले अन् सगळी व्यवस्था कोलमडली. तेव्हा तिथं प्रत्येक झुल्याचं कुपन वेगळं होतं, लहान झुल्याचं स्वस्त, मोठ्याचं महाग, अन् ही कुपनं १९८२ पर्यंत चालली. मला हे वाचून एकदम आपली बहिरमची यात्रा आठवली. माझं माहेर चांदूर बाजारकडलं, लहानपणी बहिरमला आकाशपाळण्याचं तिकीट वेगळं, मौत का कुआंचं वेगळं, बाबा हातात मोजून पैसे देत, मंग आम्ही अर्धा तास विचार करायचो की कशात बसायचं. कोणी पाळण्यात, कोणी घोड्यावर, कोणी नुसतं रोडगे खात बसलेलं. माणसं आपोआप वाटली जात. आता एकदा पैसे भरले का सगळं मोकळं, म्हणून सगळे त्याच दोन मोठ्या घसरगुंड्यांवर धावतात अन् लहान झुले रिकामे फिरतात. मी एकाच किमतीच्या तिकिटाच्या विरोधात नाही, घरच्या बाईला ते सोपं जाते, दर झुल्याला पाकीट काढावं लागत नाही. पण मंग आत किती घ्यायचे ते मोजलंच पाहिजे.

डिस्नेलँडनं जुना वर्षाचा पास जानेवारी २०२१ मध्ये बंदच केला होता, अन् ऑगस्ट २०२१ मध्ये नवा आणला, मॅजिक की नावाचा, त्यात आधी दिवस बुक करावा लागे. सगळ्यात महाग पास १,३९९ डॉलरचा, त्याला एकही दिवस बंद नाही असं सांगून विकला. पण बुकिंग करायला गेलं तर पासवाल्यांचा कोटा भरलेला अन् त्याच दिवशीचं साधं तिकीट मात्र विकायला चालू! एका पासवालीनं कोर्टात केस केली, अन् २०२३ मध्ये कंपनीनं ९५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. मी हे वाचलं तेव्हा मला इतकंच वाटलं की तिचं आमचं दुःख एकच आहे, फरक फक्त रुपये अन् डॉलरचा.

कारण दिवाळीत आमच्यासोबत असंच झालं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाचे पण सोबत घेऊन गेलो, त्यांची तिकिटं काढायची तयारी होती. गेटवर सांगितलं, आज पास चालणार नाही, प्रत्येकी ३०० भरा मंग आत सोडतो. पासच्या मागं बारीक अक्षरात लिहिलं होतं, दिवाळीचे दिवस, नाताळ ते १ जानेवारी, अन् "व्यवस्थापन ठरवेल ते इतर दिवस". ही शेवटची ओळ मला सगळ्यात जास्त लागली. काउंटरवर विकताना वर्षभर म्हणतात अन् मागं लिहितात आम्ही म्हणू तेव्हा. गर्दीच्या दिवशी पास बंद ठेवणं चुकीचं नाही, मी तर म्हणते मे मधले रविवार पण बंद ठेवा, पांढरकवड्याच्या त्या बाईला तरी बसायला मिळेल. पण ते विकायच्या आधी तोंडानं सांगा. ३०० भरून आत गेलं तर गर्दी तेवढीच, मग ते पैसे कशाचे? आम्ही परत फिरलो, भाच्यांना रस्त्यात जेवू घातलं, पोट्टा गाडीत एक शब्द बोलला नाही.

आपल्या इकडं गर्दी सांभाळता येत नाही असं कोणी म्हणू नका. ताडोब्यात दर गेटला किती गाड्या सोडायच्या ते ठरलेलं आहे, कोटा भरला का भरला, मंगळवारी जंगल बंद म्हणजे बंद. शेगावला दर्शनाला किती माणूस येते ते तुम्हाला माहीत आहे, पण लाईनीत सावली आहे, पाणी आहे, टेकायला जागा आहे, सेवेकरी हात जोडून "माउली, पुढं चला" म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला त्रास होत नाही. ९,६०० रुपये घेणाऱ्याला एक हिरवी जाळी बांधता येत नाही का लाईनीवर? आमच्या गावात मिरचीच्या रोपांवर बांधतात ती जाळी.

एक आणखी गोष्ट, या वर्षी त्यांनी एक्स्प्रेस पट्टा काढला, ४०० रुपये जास्त दिले का वेगळ्या लाईनीतून पुढं. म्हणजे तासाच्या त्या १२० जागांमधूनच ३०-४० काढून विकल्या, साध्या लाईनीतल्या माणसाला तेवढा उशीर. मी घेतला नाही. माझ्या पोट्टीनं विचारलं, "ते काऊन पुढं जाऊन राहिले?" अन् मला तिला पैसे म्हणून सांगायची लाज वाटली.

शेवटची चक्कर जूनच्या शेवटी झाली, दोन पाऊस पडून गेले होते, पेरणी झाली होती, मंगळवार. पुन्हा तेच जानेवारीसारखं, मोकळं, छान, राफ्ट सहा वेळा. म्हणजे पार्क वाईट नाहीच. ज्याला आठवड्याच्या मधल्या दिवशी जाता येते, दुकान बंद ठेवता येते, पोट्ट्यांची एखादी शाळा बुडवता येते, त्यानं पास घ्यावा, नक्की वसूल होते. नोकरीवाल्यानं, ज्याला रविवार अन् मे महिनाच मिळते, त्यानं घेऊ नये, त्यापेक्षा कमी पैशात दोनदा साधं तिकीट काढून गर्दी नसलेला दिवस शोधावा. अन् घ्यायचाच असेल तर मागचं बारीक अक्षर काउंटरवरच मोठ्यानं वाचायला लावा, मागं लाईन असली तरी. पाचपैकी अडीच देते, त्यातला एक पूर्ण त्या लाईफगार्ड पोरांचा.

परवा रिन्यूअलचा फोन आला, १० टक्के सूट म्हणे. मी विचारलं, मे महिन्यात एका दिवसाला जास्तीत जास्त किती लोकं आत घेता, तेवढा आकडा सांगा. ती मुलगी गोड बोलली, म्हणाली मॅडम सरांना विचारून कळवते. तीन दिवस झाले, फोन आला नाही. बहिरमची यात्रा आता भरेल, पोट्टे म्हणून राहिले आधी तिथं आकाशपाळण्यात बसू.